आमच्या टोमॅटोला नेमकं काय झालंय, ते डीएनए तपासून सांगा

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि
मा. कुलगुरू, राहुरी, दापोली, अकोला व परभणी येथील कृषी विद्यापीठे

विषय: टोमॅटोवरील जिवाणूजन्य रोगांचे जनुकीय निदान शेतकऱ्याला वेळेत मिळण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी जुन्नर तालुक्यातला टोमॅटो उत्पादक. घरची छोटी रोपवाटिकाही आहे. शेतीची पदवी घेतलेली असल्यामुळे भावकीतले आणि गावातले लोक रोगट फांदी घेऊन माझ्या ओट्यावर येतात. काही जण आधी माझ्याकडे येतात आणि मग कृषी सेवा केंद्रात जातात, पण बरेच जण दुकानातून चार बाटल्या आणून, फवारून, पैसे संपल्यावर येतात. अनुदान, हमीभाव, निर्यातबंदी यातलं काहीही मागायला हे पत्र लिहीत नाही. मागणी एवढीच आहे की टोमॅटोवर जिवाणूचा रोग आला तर तो कोणता जिवाणू आहे हे डीएनए तपासून आम्हाला कळावं, आणि प्लॉट हातात असताना कळावं. आज तसं होत नाही.

होतं काय, ते सांगतो. पाऊस लागून राहिला की पानांवर बारीक काळपट ठिपके येतात, भोवती पिवळी कडा. पान घेऊन दुकानात गेलं की एक जण करपा म्हणून मॅन्कोझेब हे बुरशीनाशक देतो, दुसरा ब्लू कॉपर हे तांब्याचं औषध आणि स्ट्रेप्टो ही प्रतिजैविकाची पुडी एकत्र मारायला सांगतो, तिसरा काउंटरखालून नवं महागडं बुरशीनाशक काढतो. तिघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर असू शकतं, कारण तसे ठिपके बुरशीमुळे येतात, झॅन्थोमोनास जिवाणूमुळे येतात, स्यूडोमोनास सिरिंगे या दुसऱ्याच जिवाणूमुळेही येतात, आणि शेंडा करपवणाऱ्या विषाणूची सुरुवातही कधी कधी अशाच डागांनी होते. बुरशीच्या करप्यात पुढे गोल गोल वलयं दिसू लागतात आणि मग ओळखू येतं. पण वलयं दिसेपर्यंत थांबलं तर खालची पानं गेलेली असतात. जिवाणूवर बुरशीनाशक मारणं म्हणजे औषधाचा, पाण्याचा आणि मजुरीचा चुराडा. विषाणूवर तर काहीच मारून उपयोग नसतो.

मर रोगात हा गोंधळ जास्त महागात पडतो. एकराला बांबू, तार, मल्चिंग, ठिबक, रोपं आणि बांधणीची मजुरी धरून दीड-दोन लाख रुपये जमिनीत गेलेले असतात. फळं लिंबाएवढी झालेली असतात. आणि एक दिवस भर उन्हात एक झाड मान टाकतं. पानं हिरवीगार, पिवळेपणाचा मागमूस नाही. संध्याकाळी ते थोडं सावरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा पडतं, मग उठत नाही. त्याच सरीत पाण्याच्या दिशेने पुढचं झाड, मग त्याच्या पुढचं. शेतकरी कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक पाण्यात मिसळून झाडाच्या मुळाशी ओततो, कारण मर म्हटलं की बुरशी हेच आमच्या डोक्यात बसलंय. बुरशीच्या मर रोगात मात्र खालची पानं आधी पिवळी पडतात, पुष्कळदा झाडाची एकच बाजू आधी जाते, आणि सगळं सावकाश चालतं. हिरवंच्या हिरवं झाड दोन-चार दिवसांत बसलं तर राल्स्टोनिया या जिवाणूचा संशय आधी घ्यायला हवा.

त्यासाठी एक फुकटची चाचणी आहे, ती प्रत्येक कृषी सहाय्यकाला यायलाच हवी. मान टाकलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत तिरकं कापायचं, चार बोटांचा तुकडा घ्यायचा. काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी घेऊन कापलेलं टोक पाण्यात जेमतेम बुडेल असा तो तुकडा धरायचा आणि हात अजिबात हलवायचा नाही. ग्लासामागे काळं काही धरलं तर बरं, मी मल्चिंगचा तुकडा धरतो. जिवाणूजन्य मर असेल तर थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखा पांढरट धागा सुटतो आणि सरळ खाली उतरतो. त्या धाग्यात कोट्यवधी जिवाणू असतात. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या त्यांनीच तुंबवलेल्या असतात, म्हणून जमिनीत वाफसा असूनही झाड तहानेनं मरतं. धागा सुटला नाही तर बहुधा बुरशी किंवा मुळांवरच्या सूत्रकृमींकडे बघावं लागतं.

पण ग्लासाची धाव इथेच संपते. आत जिवाणू आहे एवढंच ते सांगतं. तो कोणत्या गटाचा, कोणत्या वाणाला जुमानत नाही, कुठून आला, यातलं काहीही पाण्यात दिसत नाही. तिथून पुढचं काम प्रयोगशाळेचं, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

या जिवाणूचं वर्णन अमेरिकेतल्या अर्विन स्मिथ यांनी १८९६ मध्ये केलं. नाव तेव्हा वेगळं होतं. राल्स्टोनिया सोलॅनेसिअरम हे नाव १९९५ मध्ये आलं. आपण ज्याला एक रोग समजत होतो तो एका जिवाणूचा नाही, हे डीएनएमुळे उघड झालं. या कुळाचे चार मोठे गट निघाले: पहिला मुख्यतः आशियातला, दुसरा अमेरिकेतला, तिसरा आफ्रिकेतला, चौथा इंडोनेशियाकडचा. २०१४ मध्ये तर त्यांच्या तीन वेगळ्या प्रजाती मानल्या गेल्या. आपल्या देशात टोमॅटो-वांग्यावर प्रामुख्याने पहिला गट सापडतो. डोंगराळ थंड भागातल्या बटाट्यावर दुसऱ्या गटाचीही नोंद आहे. बटाट्याचं बेणं राज्याराज्यांतून फिरतं, तेव्हा त्याच्यासोबत काय फिरतं हे बघणं कुणाचं तरी काम असलं पाहिजे.

गट ओळखायची पद्धत २००५ पासून उपलब्ध आहे. एकाच नळीत चारही गटांचे प्राइमर, म्हणजे त्या त्या गटाच्या डीएनएवर नेमक्या जागी चिकटणारे छोटे तुकडे, घालून पीसीआर, म्हणजे डीएनएच्या नकला काढायची प्रक्रिया, करायचा. यंत्र नळी ९५ अंशांच्या आसपास तापवतं, डीएनएचे दोन्ही धागे सुटे होतात. मग तापमान उतरतं, प्राइमर चिकटतात. ७२ अंशांवर नक्कल तयार होते. अशा ३० फेऱ्या झाल्या की एका तुकड्याच्या, गणिताने, १०० कोटींहून जास्त नकला होतात. मग त्या जेलवर पळवायच्या, म्हणजे लांबीप्रमाणे वेगळ्या होऊन पट्ट्या दिसतात. २८० अक्षरांच्या लांबीची पट्टी दिसली की जिवाणू या कुळातला. सोबत १४४ ची दिसली तर पहिला गट, ३७२ ची दिसली तर दुसरा, ९१ तिसरा, २१३ चौथा. कृषी महाविद्यालयातला पदव्युत्तर विद्यार्थी हे काम एका दिवसात करतो. माझे वर्गमित्र करत होते. प्रबंध बांधून झाला की तो कपाटात जायचा आणि ज्याच्या शेतातून खोड आणलं त्याला पट्टी कुठे आली ते कधीच कळायचं नाही.

यावर विचाराल की गट कळून शेतकऱ्याला काय मिळणार? या रोगावर औषध नाही हे खरंच आहे. जिवाणू मातीत वर्षानुवर्षं राहतो, दोनशेहून जास्त प्रकारच्या वनस्पतींवर जगतो, ओढ्याच्या पाण्यातून खालच्या शेतात उतरतो. म्हणूनच वाण आणि फेरपालट एवढीच हत्यारं उरतात, आणि ती दोन्ही जिवाणूच्या गटावर अवलंबून आहेत. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' जिवाणूजन्य मर सहन करणारा म्हणून दिला जातो. वांग्याच्या रोपावर टोमॅटोचं कलम बांधायची पद्धत आता आपल्याकडेही आली आहे. जगभर प्रतिकारासाठी वापरलेला 'हवाई ७९९६' हा टोमॅटोसुद्धा या कुळातल्या सगळ्याच जिवाणूंपुढे टिकत नाही; काही उपगट त्यालाही लोळवतात. मग माझ्या शेतात कोणता उपगट आहे हे न बघता महागडं कलमी रोप लावायचं कशाच्या भरवशावर? त्याच शेतात पुढच्या हंगामात मिरची लावायची, आलं घ्यायचं, भुईमूग पेरायचा की मका, याचं उत्तरही तिथेच आहे. कोकण आणि गोव्याच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत हा रोग कायमचा मुक्कामाला आहे. तिथला शेतकरी वांगी-टोमॅटो लावताना निम्मी झाडं जाणार हे गृहीत धरूनच लावतो. दापोलीच्या कुलगुरूंना हे मी सांगायची गरज नाही.

आता अहवालांबद्दल बोलतो. मागे एका प्लॉटमधल्या ठिपक्यांचा नमुना आम्ही पैसे भरून एका प्रयोगशाळेत पाठवला. तिचं नाव घेत नाही. बरेच दिवसांनी एका ओळीचा अहवाल आला: 'स्यूडोमोनास प्रजाती आढळली'. तपासणी १६एस जनुकावरून केली होती. हा जनुक प्रत्येक जिवाणूत असतो, सुमारे दीड हजार अक्षरांचा, त्यामुळे अनोळखी जिवाणूचं कुळ शोधायला तो उत्तम आहे. पण जवळच्या भावंडांमध्ये तो इतका सारखा असतो की कुळाच्या पुढे सहसा जात नाही. पत्त्यावर फक्त 'पाटील, महाराष्ट्र' लिहिल्यासारखं झालं ते. याच स्यूडोमोनासांत टोमॅटोच्या पानावर ठिपके पाडणारा एक आहे, खोडाचा गाभा पोखरणारा दुसरा आहे, आणि स्यूडोमोनास फ्लुरोसेन्स तर आम्ही स्वतः दुकानातून विकत आणून ठिबकमधून सोडतो, रोग येऊ नये म्हणून! आठवडाभर आधी तो सोडला होता. म्हणजे प्रयोगशाळेला रोग सापडला की माझंच औषध, हे त्या ओळीवरून सांगता येत नव्हतं. शुल्काची पावती मात्र व्यवस्थित होती.

ही तक्रार त्या प्रयोगशाळेतल्या माणसांबद्दल नाही. त्यांना कोणी सांगितलेलंच नाही की शेतकऱ्याला द्यायच्या अहवालात किमान काय असावं. ते ठरवणं तुमच्या हातात आहे. जायरेस-बी, आरपीओ-बी यांसारखे दुसरे जनुक वाचून, किंवा त्या रोगजनकासाठीच बनवलेले प्राइमर वापरून, प्रजातीपर्यंत आणि तिच्यातल्या उपप्रकारापर्यंत जाता येतं. ज्या अहवालात फक्त कुळाचं नाव आहे तो 'निदान' म्हणून देऊच नये, एवढं एक परिपत्रक काढलं तरी पुष्कळ फरक पडेल.

उपप्रकार कळण्याने काय होतं याचं चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडाचं आहे. तिथे टोमॅटोवर झॅन्थोमोनासचे ठिपके वर्षानुवर्षं एकाच प्रकारच्या जिवाणूमुळे येत होते. १९९१ मध्ये त्यात एक नवा प्रकार सापडला. पानावर ठिपके तसेच, शेतकऱ्याच्या डोळ्याला काहीही फरक नाही. पण हा नवा जिवाणू जुन्याला मारणारं द्रव्य स्वतः तयार करत होता आणि काही वर्षांत त्याने जुन्याला त्या भागातून जवळपास हुसकावून लावलं. २००४ मध्ये त्याला झॅन्थोमोनास परफोरन्स अशी स्वतंत्र प्रजाती म्हणून ओळख मिळाली. टोमॅटो-मिरचीवर ठिपके पाडणाऱ्या चार प्रजातींपैकी ती एक. वाण तयार करणाऱ्यांनी जुन्या जिवाणूविरुद्ध केलेलं काम नव्यापुढे चालेना. हे त्यांना कळलं कारण ते दरवर्षी शेतांतून जिवाणू गोळा करून जपून ठेवत होते आणि तपासत होते. नारायणगाव, संगमनेर, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या ठिपक्यांचा असा दरवर्षीचा संग्रह कुठे आहे, हे कृपया जाहीर करा. नसेल तर यंदापासून सुरू करा. जिवाणू जतन करायला लांब जायची गरजही नाही, राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र पुण्यातच आहे.

फवारणीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहितो.

आमच्याकडे जिवाणू म्हटलं की स्ट्रेप्टोची पुडी. त्या पुडीत ९ भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि १ भाग टेट्रासायक्लिन असतं. स्ट्रेप्टोमायसिन म्हणजे क्षयरोगावर परिणामकारक ठरलेलं पहिलं प्रतिजैविक, १९४३ साली सापडलेलं. ज्या देशात क्षयाचे रुग्ण जगात सर्वांत जास्त आहेत त्या देशात ते आम्ही पंपाने शेतावर उडवतोय. डाळिंबवाल्यांना तेल्याने घायकुतीला आणलं तेव्हा हीच पुडी फवारणीमागे फवारणी करून वापरली गेली. तेल्याही झॅन्थोमोनासच, टोमॅटोवरच्या ठिपक्यांचा सख्खा नातेवाईक. तेल्या गेला नाही. पुडीची सवय तेवढी सगळ्या पिकांत पसरली. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला या मिश्रणाचा वापर थांबवण्याच्या दिशेने पाऊल टाकलं, ते योग्यच आहे. पण बंद करायला सांगताना हातात दुसरं काय देणार, याचं उत्तर आलं नाही. शेतकरी ती पुडी हौसेने मारत नाही. कोणता रोग आहे हे माहीत नसल्यामुळे, सगळ्यावर थोडं थोडं मारून ठेवावं म्हणून मारतो.

तांब्याचंही तेच. जगात अनेक ठिकाणी झॅन्थोमोनासने तांबं पचवायला शिकून घेतलंय. त्यासाठीचे जनुक बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राबाहेरच्या छोट्या डीएनए-वर्तुळावर असतात, आणि ती वर्तुळं एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो. स्ट्रेप्टोमायसिनला दाद न देण्याचे जनुकही असेच फिरतात. हे जनुक आहेत की नाहीत हे त्याच नमुन्यातून, त्याच पीसीआर यंत्रावर, वेगळे प्राइमर घालून बघता येतं. म्हणजे एका अहवालात दोन गोष्टी येऊ शकतात: हा अमुक जिवाणू आहे, आणि त्याच्याकडे तांब्याला न जुमानणारा जनुक आहे. दुसरी ओळ वाचून मी ब्लू कॉपरच्या सगळ्या फवारण्या वाचवीन. फळावर आणि मातीत तांबं साचायचं थांबेल ते वेगळंच. दुकानदाराला हा अहवाल आवडणार नाही, हे मान्य.

रोपवाटिकेत बसून मला आणखी एक गोष्ट दिसते. हे बहुतेक जिवाणू शेतात आकाशातून पडत नाहीत, बियाण्यातून आणि रोपांच्या ट्रेमधून येतात. ठिपक्यांचे दोन्ही जिवाणू बियाण्यावर टिकतात. क्लॅव्हिबॅक्टर नावाचा तिसरा एक आहे, टोमॅटोच्या खोडावर चिरा पाडणारा आणि फळावर पांढऱ्या कडेचे डोळ्यासारखे ठिपके आणणारा. तो अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पहिल्यांदा ओळखला गेला आणि बियाण्यावर बसूनच जगभर गेला. बगलफूट काढताना एका झाडाचा चीक बोटांना लागला की पुढच्या झाडात तो हातानेच पेरला जातो. कहर म्हणजे हा जिवाणू झाडात शिरूनही कितीतरी दिवस काहीच दाखवत नाही. ट्रेमधलं रोप तजेलदार, पानं काळीभोर हिरवी, आणि आत पाहुणा बसलेला. नजरेने पारखून रोप घेणारा शेतकरी तिथे काय करणार, आणि मी रोपवाटिकावाला तरी काय करणार? ते डीएनएवरच दिसतं. त्यातही एक मेख आहे: या जिवाणूचे रोग पाडणारे महत्त्वाचे जनुक प्लाझ्मिडवर असतात. फक्त तेच शोधले तर प्लाझ्मिड नसलेले भाऊबंद सुटतात, आणि फक्त गुणसूत्र बघितलं तर निरुपद्रवीही अडकतात. दोन्हीकडचं तपासावं लागतं.

युरोपात जाणाऱ्या टोमॅटो बियाण्याला या जिवाणूबद्दल ठरवून दिलेल्या अटी पाळाव्या लागतात. नेदरलँड्स आणि फ्रान्समधल्या बियाणे कंपन्यांनी आणि रोपवाटिकांनी तर एकट्या या जिवाणूला बाहेर ठेवण्यासाठी स्वतःची प्रमाणन पद्धत उभी केली. आपल्या जालना, देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये बायका हाताने परागीकरण करून भाजीपाल्याचं संकरित बियाणं पिकवतात. त्यातलं परदेशी जाणारं बियाणं तिकडच्या नियमाने तपासून जातं. मी माझ्या ट्रेसाठी जे पाकीट फोडतो त्यावर उगवणशक्ती आणि शुद्धता छापलेली असते. जिवाणूबद्दल एक शब्द नसतो. द्राक्षवाल्यांना युरोपातल्या गिऱ्हाइकाने औषधांचे अवशेष तपासायला लावले आणि मग बागेच्या नोंदणीपासून पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्राक्ष संशोधन केंद्रातल्या संदर्भ प्रयोगशाळेपर्यंत सगळी साखळी उभी राहिली. म्हणजे आपल्याला जमत नाही असं नाही. टोमॅटो आपलेच लोक खातात, म्हणून मागणारा कोणी नाही.

फळरोपवाटिकांसाठी राज्यात १९६९ पासून कायदा आहे. भाजीपाल्याची लाखो रोपं एका गावातून चार जिल्ह्यांत टेम्पोने जातात, त्यांना तो लागू नाही. अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या रोपवाटिका योजनेत शेडनेटला, ट्रेला मदत मिळते. त्याच योजनेत रोपांच्या प्रत्येक खेपेतून नमुना घेऊन तीन-चार जिवाणूंसाठी तपासायची अट आणि त्याचा खर्च घाला. माझ्यासारख्या रोपवाटिकावाल्याला ते जड जाईल. सुरुवातीला आम्ही कुरकुरूही. पण रोप विकताना सोबत अहवाल देता आला तर मी रोपामागे जास्त पैसे मागीन आणि शेतकरी देईल.

खर्चाचं कारण कोणी पुढे करू नये म्हणून आठवण करून देतो. मार्च २०२० मध्ये करोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीचा कमाल दर ४,५०० रुपये ठरला होता. मार्च २०२१ संपताना याच राज्य सरकारने प्रयोगशाळेतल्या चाचणीचा दर ५०० रुपयांवर आणला. यंत्र तेच, पद्धतही त्याच जातीची. चाचण्या वाढल्या, दर उतरला. तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत घेतलेली पीसीआर यंत्रं, शिकवून तयार केलेले तंत्रज्ञ, यातलं आज काय वापरात आहे याची यादी आरोग्य खात्याकडून मागवून घ्या. टोमॅटोचा जिवाणू माणसाला होत नाही, तरी रुग्णालयाच्या खोलीत खोडं कापा असं मी म्हणत नाही. रिकामी यंत्रं कृषी खात्याकडे वळवता येतात.

दुसरी अडचण नमुन्याची. आम्ही पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून एसटीच्या पार्सलने पाठवतो. ते पोचेपर्यंत पिशवीत पाणी सुटतं, पान कुजतं, आणि त्यावर कुजवणारे जिवाणू वाढतात. प्रयोगशाळा एकतर नमुना परत करते नाहीतर त्या कुजवणाऱ्याचंच नाव कळवते. याला उपाय आहे: डीएनए धरून ठेवणारं खास कागदी कार्ड. पानाचा किंवा खोडाचा रस शेतातच त्यावर दाबून वाळवायचा आणि साध्या पाकिटात टपालाने पाठवायचा. मातीचे नमुने गोळा करायची साखळी गावापर्यंत आहेच, त्याच माणसांच्या हातात ही कार्डं द्या. कृषी विज्ञान केंद्रात लॅम्प ही डीएनएच्या नकला काढायची सोपी पद्धत सुरू करता येईल. जपानी शास्त्रज्ञांनी २००० साली दिलेल्या या पद्धतीला तापमानाचा चढ-उतार करणारं यंत्र लागत नाही. ६०-६५ अंशांवर स्थिर तापलेला ठोकळा पुरतो आणि तासाभरात नळीचा रंग बदललेला डोळ्यांना दिसतो. नारायणगावला केंद्र आहे, बाजार समितीचं टोमॅटोचं उपआवार आहे. आमच्या तालुक्यापुरतं बोलायचं तर प्रयोगाला याहून सोयीची जागा नाही.

पीसीआर म्हणजे देवाचा कौल नव्हे, हेही नोंदवून ठेवतो, कारण उद्या गल्लोगल्ली 'डीएनए तपासणी' म्हणून दुकानं निघतील. मेलेल्या जिवाणूचा डीएनएही पट्टी दाखवतो. प्रक्रिया केलेल्या बियाण्यावर जिवाणू मेलेले असले तरी अहवाल 'आढळला' म्हणू शकतो, त्यासाठी जिवंत-मेलेलं वेगळं करणारी पायरी लागते. झाडाचा चीक, मातीतली द्रव्यं अभिक्रिया अडवतात आणि रोग असून 'नाही' येतं. नवा काही आढळला तर तो पेट्रीडिशमध्ये वाढवून, निरोगी रोपाला टोचून, तोच रोग येतो का हे बघण्याला आजही पर्याय नाही. म्हणून हे काम विद्यापीठाच्या देखरेखीखाली व्हायला हवं, शुल्क जाहीर हवं, आणि 'काही आढळलं नाही' असं लिहायची मुभा आणि धाडस दोन्ही हवं.

नाव वेळेत न कळण्याची किंमत आपण २०२० च्या उन्हाळ्यात मोजली. टोमॅटोवर पिवळे-लाल-हिरवे पट्टे पडले, 'तिरंगा व्हायरस' हे नाव कुणीतरी ठेवून दिलं, वर करोनाच्या भीतीचे दिवस, त्यात टोमॅटो खाऊ नका अशा अफवा. नमुने बेंगळुरूला गेले आणि काकडीवरचा मोझॅक विषाणू हे मुख्य नाव पुढे आलं, जगाला कितीतरी आधीपासून माहीत असलेला विषाणू. तोवर लोकांनी प्लॉट उपटले होते आणि बियाणे कंपन्यांशी भांडणं सुरू झाली होती. ते विषाणूचं प्रकरण होतं, पण पुढच्या वेळी जिवाणू असेल, आणि तेव्हाही नमुने बेंगळुरूलाच धाडायचे का?

जाता जाता एक. झाडाचा शेंडा झाडूसारखा होतो, फुलांच्या कळ्या फुगून हिरव्या राहतात, फळ धरत नाही. आम्ही त्याला सरसकट व्हायरस म्हणतो. पुष्कळदा तो फायटोप्लाझ्मा असतो, पेशीभित्तिका नसलेला, प्रयोगशाळेत सहजी न वाढणारा जिवाणू, तुडतुड्यांतून पसरणारा. त्याला ओळखायचा खात्रीचा मार्ग डीएनएच. तुमच्या तपासणीच्या यादीत तो सुटू नये.

आता नेमकं मागणं. या हंगामात फक्त दोन तालुके घ्या, उन्हाळी टोमॅटोसाठी जुन्नर आणि पावसाळीसाठी निफाड. कोकणातून एखादं वांगी-टोमॅटोचं गाव दापोलीने निवडावं. नमुना दिल्यापासून पाच दिवसांत अहवाल, मराठीत, मोबाइलवर. त्यात प्रजाती, गट, तांबं आणि स्ट्रेप्टोमायसिनविरोधी जनुक आहे की नाही, आणि काय फवारू नये हे लिहिलेलं. काय फवारावं हे नंतर लिहिलं तरी चालेल. गावनिहाय निकाल शेतकऱ्यांची नावं झाकून दर महिन्याला जाहीर करा, म्हणजे शेजारच्या गावाला आधी कळेल. आमच्याकडे उन्हाळी टोमॅटोचे ट्रे डिसेंबर-जानेवारीत भरले जातात. त्या आधी कार्डं आली तर माझ्या रोपवाटिकेतली पहिली खेप मी स्वखर्चाने तपासायला देतो, आणि निकाल जो येईल तो रोपवाटिकेच्या फाटकावर लावतो.

कळावे,

आपला,
जुन्नर तालुक्यातला एक टोमॅटो उत्पादक व रोपवाटिकाधारक